बादलीचा तडा कुठल्याच गोंदाने का बुजत नाही?

शेजारच्या वहिनी तीच बादली तिसऱ्यांदा घेऊन आल्या. तळाच्या कडेपासून वर चढलेला चार बोटांचा तडा. पहिल्यांदा त्यावर इन्स्टंट ग्लूच्या दोन ट्यूब रित्या झाल्या होत्या. दुसऱ्यांदा दोन गोळे मळून लावायची इपॉक्सी पुट्टी. मधल्या काळात पंक्चरवाल्याकडचं सोल्यूशनही लावून झालं होतं. दर वेळी आठ-दहा दिवस बरे जायचे आणि मग मोरीत पाण्याची रेघ दिसायची.

"भाऊजी, आता तुम्हीच सांगा, कुठला गोंद आणू?"

"गोंदाचं राहू द्या वहिनी. बादली कशाची आहे?"

"कशाची म्हणजे? प्लास्टिकची!"

घोळ होतो तो इथेच. अंबडच्या एमआयडीसीत इंजेक्शन मोल्डिंगच्या मशीनवर मी बावीस वर्षं काढली. तिथे 'प्लास्टिक' हा शब्द क्वचितच कानावर यायचा. पीपी, एचडी, एबीएस, नायलॉन, आणि ते ज्या रूपात पोत्यात येतं तो 'दाणा'. 'प्लास्टिकला कुठला गोंद लावू' हे 'धान्य शिजायला किती पाणी घालू' असं विचारण्यासारखं आहे. तांदळाचं एक, डाळीचं दुसरं, साबुदाण्याचं तर शिजवण्याआधीच ठरवावं लागतं.

आधी जुनं ठिगळ उचकटून बघा

वहिनींच्या बादलीवरचं इपॉक्सीचं ठिगळ मी नखाने उचललं. ते वाळलेल्या खपलीसारखं अख्खं निघालं. उलटं करून उजेडात धरलं, तर खालच्या बाजूला बारीक समांतर रेघा. कुणीतरी पॉलिश पेपरने बादली घासून दिली होती, त्या घासण्याचा हुबेहूब ठसा इपॉक्सीत उमटला होता. म्हणजे इपॉक्सी ओरखड्यांत नीट शिरलं होतं, कडकही झालं होतं. फक्त त्याने बादलीला धरलं नव्हतं.

तुमचंही ठिगळ असं स्वच्छ, सबंध निघत असेल तर गोंदाची कंपनी बदलून काही होणार नाही. वस्तू जवळपास नक्की पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीनची आहे. ठिगळ तुकड्यातुकड्याने निघालं, थोडं वस्तूला चिकटून राहिलं, तर मात्र प्लास्टिक दुसरं आहे आणि चूक बहुधा ओल, तेल किंवा घाई यांची आहे.

कारण साधं आहे. पॉलिथिलीन म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनची लांबच लांब साखळी, दुसरं काही नाही. आपली मेणबत्तीही तशाच साखळ्यांची. पॅराफिन मेणात एका साखळीत वीस-चाळीस कार्बन असतात, पॉलिथिलीनमध्ये हजारो. इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत 1933 साली हे पहिल्यांदा सापडलं, तेही दुसराच प्रयोग करताना: एथिलीन वायू प्रचंड दाबाखाली तापवला आणि भांड्यात पांढरा, मेणासारखा थर उरला. आता सांगा, मेणावर डिंक कधी बसलाय का?

गोंदाला आधी पृष्ठभागावर पसरावं लागतं, आणि अशा पृष्ठभागावर पातळ पदार्थ पसरायलाच तयार नसतो. कोरड्या बादलीच्या बाहेरून पाण्याचा थेंब टाका. अळूच्या पानावरच्याइतका नाही, पण गोळा होऊन उभा राहील. साबणाने धुतलेल्या काचेवर तोच थेंब पसरतो. आणखी एक पुरावा तुमच्या हातातच असतो: इन्स्टंट ग्लू ज्या बाटलीत येतो ती बाटली. ती पॉलिथिलीनची असते, कारण ग्लू तिला चिकटत नाही. चिकटला असता तर कंपनीने विकला कसा असता?

कशाचं आहे ते ओळखायचं कसं

वस्तू पालथी करा. तळाला त्रिकोणी बाणांमध्ये आकडा असेल तर निम्मं काम झालं. ही पद्धत अमेरिकेत 1988 साली सुरू झाली, भंगार वेगळं करायला. 1 म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पेट, 2 एचडी पॉलिथिलीन, 3 पीव्हीसी, 4 एलडी, म्हणजे मऊ पॉलिथिलीन (पिशव्या, पिळून काढायच्या बाटल्या), 5 पॉलिप्रोपिलीन म्हणजे पीपी, 6 पॉलिस्टायरीन, आणि 7 हा 'इतर' नावाचा बोळ, ज्यात नायलॉनपासून पॉलिकार्बोनेटपर्यंत सगळे कोंबलेले. 2, 4 आणि 5 दिसला की गोंदाची ट्यूब खाली ठेवा.

आकडा नसेल (स्वस्त मालावर बहुधा नसतोच) तर कडेचा नखाएवढा तुकडा कापून पाण्यात टाका. पाण्यात साबणाचा एक थेंब घाला आणि तुकडा बोटाने बुडवून हलवा, नाहीतर हवेचे बुडबुडे चिकटून सगळंच तरंगेल. तरी वर आला तर पीपी किंवा पॉलिथिलीन. पाण्याची घनता 1 धरली तर पीपीची साधारण 0.90, पॉलिथिलीनची 0.91 ते 0.97, रोजच्या वापरातलं बाकीचं बहुतेक घट्ट प्लास्टिक एकच्या वर. बुडाला तर पेलाभर पाण्यात चार छोटे चमचे मीठ विरघळवा. आता वर आला तर पॉलिस्टायरीन किंवा एबीएस, दोन्ही 1.05 च्या आसपास. तरी तळाशीच बसला तर नायलॉन, ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट, पेट, पीव्हीसी यांपैकी काहीतरी.

यात एक फसगत आहे. मोल्डेड खुर्चीचा तुकडा कधीकधी बुडतो आणि माणूस म्हणतो, हे पीपी नाही. असतं पीपीच, पण खर्च वाचवायला आत खडूची किंवा टाल्कची पूड घातलेली असते, ती त्याला खाली ओढते. तुकडा दुमडून बघा. तुटलेल्या कडेला पिठूळ, फिकट रंग दिसला तर भेसळ भरपूर आहे.

2 आणि 5 मधला फरक नखाने कळतो. एचडीवर नख ओढलं की मेणचट रेघ उमटते. पीपी जास्त कडक आणि चकचकीत, आणि दुमडलं की घडीवर बहुतेक वेळा पांढरी रेघ येते. जाळून वास घेण्याची पद्धत कारखान्यात आम्हीही वापरायचो, पण घरी नको. तो तुकडा पीव्हीसीचा निघाला तर धुरात हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू असतो, घसा दिवसभर धरतो.

वहिनींची बादली तरंगली, नखाची रेघ धरली, आणि मळ खरवडल्यावर तळाला पुसटसा 2 ही सापडला. एचडी.

मग जोडायचं कसं: वितळवून

पॉलिथिलीनला पॉलिथिलीनच धरतं. शेतकऱ्यांना हे आधीपासून माहीत आहे, फक्त ते शब्दांत मांडत नाहीत. विहिरीवरून येणारा पीव्हीसीचा पाइप ते सोल्यूशन लावून जोडतात. एचडीचा पाइप मात्र तापलेल्या तव्याला दोन्ही तोंडं टेकवून, मऊ करून, एकमेकांवर दाबून जोडला जातो. आणि ठिबकच्या काळ्या नळीला तर ना सोल्यूशन ना तवा. दातेरी जोडणी आत खुपसायची. ती नळीही पॉलिथिलीनचीच, एलएलडी जातीची.

घरी तव्याच्या जागी सोल्डरिंग आयर्न, 25 ते 40 वॅटचा, आणि टोक खराब झालं तरी चालेल असा जुना. भर घालायला त्याच आकड्याच्या प्लास्टिकची पट्टी. मी फिनेलच्या रिकाम्या कॅनची, 2 आकड्याची, बोटाएवढी पट्टी कापली. एक गोष्ट हातालाच कळते: कॅनचा माल वितळल्यावर घट्ट राहतो, बादलीचा पटकन पातळ होतो. कॅन फुगवून करतात आणि बादली साच्यात दाबून, म्हणून दोघांचा दाणाच वेगळा. जुळतात, पण कॅनच्या पट्टीला जरा जास्त वेळ द्यावा लागतो. पीपीची पट्टी एचडीवर लावू नका. गरम असताना एकजीव वाटते, गार झाली की टक् करून सुटते.

बादली साबणाने धुऊन रात्रभर वाळवली. तड्याच्या वरच्या टोकाला 3 मिलिमीटरचं भोक पाडलं. हे टाळू नका. तड्याचं टोक सुईसारखं असतं, सगळा ताण तिथे एकवटतो आणि तडा पुढे सरकत राहतो. गोल भोकाच्या कडेवर तो वाटला जातो. बऱ्याच जणांची दुरुस्ती ठिगळाजवळ टिकते आणि तडा ठिगळाच्या वरून पुढे निघतो, ते ह्यामुळेच.

मग ब्लेडने तड्याच्या दोन्ही कडा तिरप्या तासून खाच केली. आयर्नच्या टोकाने आधी आतून दर दोन सेंटिमीटरवर टाके घातले. नंतर बाहेरून पट्टी खाचेत ठेवून दोन्ही एकाच वेळी वितळवत पुढे जायचं. खरी कसोटी इथे आहे: नवीन माणूस फक्त पट्टी वितळवतो आणि लोण्यासारखी वरून फासतो. ती गोंदासारखीच निघून येते. खालची बादलीही चकाकून ओली दिसली पाहिजे. पांढरं एचडी वितळलं की जवळजवळ पारदर्शक होतं, ती खूण धरा. तपकिरी व्हायला लागलं तर फार रेंगाळलात. थंड करायला पाणी ओतू नका, झटका बसला की जोड आक्रसून वाकडा होतो. काम गॅलरीत करा. विझलेल्या मेणबत्तीसारखा वास आला तर ठीक. डोळ्यांत झोंबणारा आला तर थांबा, तुम्ही बहुधा पीव्हीसीवर आहात.

आयर्न नसेल आणि जोडावर फार ताण येणार नसेल, तर पीपी-पॉलिथिलीनसाठी मुद्दाम केलेले ग्लू मिळतात. त्यांच्यासोबत आधी पुसायचा प्रायमर येतो, तो पृष्ठभागाला चिकटण्याजोगा करतो. डब्याचं झाकण, खेळणं यांना चालतील. पंधरा लिटर पाणी उचलणाऱ्या बादलीवर मी त्यांच्या भरवशावर राहणार नाही.

आणि हे काही करण्याआधी बादलीच्या काठावरून बोट फिरवा. पांढरी भुकटी बोटाला लागली तर वितळवायच्या भानगडीत पडू नका. ती बादली संपली.

मुळात तडा का गेला

ऊन हे एक कारण, आणि पीपीच्या बाबतीत पहिलं. प्लास्टिकची ताकद साखळीच्या लांबीत असते. हे पदार्थ म्हणजे खरोखरच एकेक अजस्र रेणू आहेत, असं जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेरमान श्टाउडिंगर 1920 पासून सांगत होते. भल्याभल्यांनी ते मानलं नाही. 1953 साली त्यांना नोबेल मिळालं. उन्हातली अतिनील किरणं आणि हवेतला ऑक्सिजन मिळून याच साखळ्या तोडतात. लांब सुताचा दोर धरून ठेवतो, बोटभर तुकड्यांचा नाही. काठावरची भुकटी म्हणजे असे तुटलेले तुकडे. त्यांना वितळवलं तरी तुकडेच राहतात, म्हणून जोड टिकतो आणि शेजारी नवा तडा जातो.

गच्चीवरच्या टाक्या आणि ठिबकच्या नळ्या काळ्या का, तेही यातच आलं. त्यात 2 ते 2.5 टक्के काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, असते. ती किरणं स्वतः शोषते. लाल-निळ्या बादलीला ते संरक्षण नाही. ती मोरीत वर्षानुवर्षं जगते आणि गच्चीत दोन उन्हाळ्यांत करपते.

पण वहिनींची बादली ऊन न लागणाऱ्या मोरीतली होती, भुकटीही नव्हती. मी विचारलं, हिच्यात करता काय? कपडे भिजवते, म्हणाल्या. गिझरचं कढत पाणी, पावडर, वर चादरी दाबून, रात्रभर.

झालं! पॉलिथिलीनला तडे किती लवकर जातात याची प्रमाणित चाचणी जवळजवळ अशीच करतात. पट्टीवर छोटी चीर पाडतात, ती वाकवून ठेवतात आणि साबणी द्रावणात 50 अंश सेल्सिअसला बुडवतात. डिटर्जंट प्लास्टिकला विरघळवत नाही, गंजवत नाही. पण जिथे आधीच ताण आहे तिथे साखळ्यांना एकमेकींवरून निसटायला मदत करतो. नुसत्या पाण्यात जी बादली वर्षानुवर्षं टिकते, ती याच ताणाखाली साबणात काही महिन्यांत चिरते. तडा तळाच्या कडेलाच का, तर भिंत आणि तळ मिळतात त्या कोपऱ्यात मोल्डिंगच्या वेळचा ताण गोठून राहिलेला असतो. माल रिप्रोसेस दाण्याचा असेल तर अजून लवकर, कारण दर वेळी वितळवताना साखळ्या थोड्या आखूड होतातच. उपाय एवढाच: कपडे कोमट पाण्यात भिजवा, बादली गच्च भरू नका, आणि जमलं तर भिजवायला स्टीलची बादली किंवा जाड टब घ्या.

हिवाळ्यात रॉडने पाणी तापवणाऱ्यांची तक्रार वेगळी. तिथे तडा जात नाही, भिंत आत ओढली जाऊन भोक पडतं. एचडी 130 अंशांच्या आसपास वितळतं, पाणी 100 च्या वर जात नाही, म्हणून माणूस निर्धास्त असतो. पण रॉड भिंतीला टेकला की तिथे पाण्याचा हिशोब लागू होत नाही. रॉड आणि प्लास्टिकची बादली ही जोडीच नको.

ज्यांना गोंद लागतो, पण चुकीचा लागतो

पीव्हीसीच्या पाइपाचं सोल्यूशन हा मुळात गोंद नाही. त्यातलं द्रावक पाइप आणि सॉकेट दोघांचीही कातडी विरघळवतं, साखळ्या एकमेकींत शिरतात, द्रावक उडून जातं. म्हणजे थंड वेल्डिंगच. म्हणून पाइप ओला असला, किंवा लावल्याबरोबर पाणी सोडलं, की जोड गळतो. प्लंबर पाइप आत घालताना पाव फेरा फिरवतो आणि क्षणभर धरून ठेवतो, ती सवय उगीच नाही. गिझरच्या गरम लाइनचा एल्बो पुन्हा पुन्हा गळत असेल तर तो साध्या पीव्हीसीचा आहे का बघा. साधं पीव्हीसी 80 अंशांजवळ मऊ पडतं. तिथे जास्त उष्णता सोसणारं सीपीव्हीसीच हवं, आणि त्याचं स्वतःचं सोल्यूशन.

टीव्हीचा रिमोट, मिक्सरची बॉडी बहुधा एबीएस. यांना इन्स्टंट ग्लू छान धरतो. त्याच प्लास्टिकचा चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेली लापशी त्याहून छान. हेल्मेटला मात्र यातलं काहीही लावू नका, पेट्रोलने पुसूही नका. कवच पॉलिकार्बोनेटचं असेल तर द्रावकाने त्यात न दिसणाऱ्या चिरा पडतात, आणि त्या दिसतात त्या नको त्या दिवशी.

थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. 2018 मध्ये राज्यात बंदी येण्याआधी ज्यांनी गणपतीची मखरं केली त्यांना आठवत असेल, रबरी गोंद किंवा स्प्रेचा रंग लागला की थर्माकोल खड्डा पडून आत जायचा. द्रावक ते खातं. तिथे पांढरा, पाण्यातला गोंदच चालायचा. पॉलिस्टायरीनच्या याच स्वभावामुळे कंपासपेटीत पारदर्शक फूटपट्टीला खोडरबर चिकटून बसतं. ते खोडरबर मऊ पीव्हीसीचं असतं, त्याला मऊ ठेवणारं तेल हळूहळू पट्टीत झिरपतं आणि पट्टीवर रबराच्या आकाराचा खळगा पडतो. तिथे कुणी काही सांडलेलं नसतं, मुलांना ओरडू नका. खोडरबराचं कागदी वेष्टण फाडू नका, एवढंच सांगा.

कुकरचा काळा दांडा बेकेलाइटचा, लिओ बेकलँड यांनी 1907 साली शोधलेला. वरचं सगळं गुळासारखं: तापवा, वितळेल, गार होईल, पुन्हा तापवा. बेकेलाइट भाकरीसारखं. एकदा भाजली की तिचा परत उंडा होत नाही. त्यामुळे त्याला आयर्न लावून फक्त धूर निघेल. इपॉक्सी धरतं, पण वाफ कोंडलेलं भांडं उचलायच्या दांड्यावर असला प्रयोग कशाला? नवा दांडा बसवा.

आणि कपाटात जपून ठेवलेल्या बुटांचा सोल पहिल्याच दिवशी भुगा होऊन पडतो, त्याला तर कुठलाच गोंद नाही. तो पॉलियुरेथेनचा असतो. त्यातल्या एस्टरच्या जोडण्या हवेतल्या ओलाव्याने तुटतात. कोकणात, मुंबईत हे लवकर होतं, आणि बंद खोक्यात ठेवल्याने थांबत नाही. लग्नासाठी घेतलेले बूट जपून ठेवण्यापेक्षा वापरलेले बरे. सोल नवा बसवता येतो, जुना चिकटवता येत नाही.

फ्रीजरमधला पीपीचा डबा हातातून पडला की काचेसारखा फुटतो, एरवी मात्र आपटला तरी काही होत नाही. साधं पीपी शून्य अंशाच्या आसपास कडक होऊ लागतं आणि फ्रीजरमध्ये उणे 18 असतं. पॉलिथिलीनला त्या थंडीचं काही वाटत नाही, म्हणून फ्रीजरसाठी 2 किंवा 4 आकड्याचा डबा बघा.

वहिनींच्या बादलीला आता पाच महिने झाले. शिवण जाडीभरडी दिसते, पण कोरडी आहे. माझं ऐकून त्यांनी कपडे भिजवायला स्टीलचं घमेलं घेतलं आणि बादली झाडांना पाणी घालायला काढली. परवा बघितलं तर ती गच्चीत, कठड्यावर, भर उन्हात वाळत ठेवली होती.